ठिपक्यांचा बाजार : व्यवसायांच्या डिजिटल नकाशांचे एक वाचन

समीक्षेसाठी आपण कविता घेतो, कादंबरी घेतो, फार तर नाटक किंवा चित्रपट घेतो. नकाशा सहसा घेत नाही. नकाशा म्हणजे माहिती. ती बरोबर असते किंवा चूक असते, तिची समीक्षा ती काय करायची, असा आपला समज असतो. या समजाचा फेरविचार करायला लावणारा एक नकाशाप्रकार गेल्या वीस वर्षांत आपल्या हाती आला आहे, आणि आपण तो दिवसातून अनेकदा वाचत असतो. दुकाने, कारखाने, दवाखाने, उपाहारगृहे, कंपन्या अशा लाखो व्यवसायांची माहिती ठिपक्यांच्या रूपात मांडणारा, बोटाने सरकवता येणारा, हवा तेवढा लहानमोठा करता येणारा इंटरनेटवरचा नकाशा. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन एक संपादित मजकूर म्हणून करायचे आहे.

मुंबईतला काळबादेवी-झवेरी बाजार हा भाग अशा एखाद्या नकाशावर उघडून पाहावा. दुरून पाहिले तर मोजकी नावे दिसतात : एखादे देऊळ, एखादे जुने उपाहारगृह, एखादी मोठी पेढी. जवळ गेले की वीस नावे होतात, आणखी जवळ गेले की शंभर. या भागातल्या एकेका इमारतीत मजल्यामजल्यावर गाळे आहेत, एका खोलीत दोन-दोन व्यवसाय आहेत, जिन्याखाली घड्याळ दुरुस्त करणारा आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन प्रश्न पडतात. दुरून दिसणारी ती मोजकी नावे कोणी निवडली? आणि अगदी जवळ गेल्यावरही जी नावे दिसत नाहीत त्यांचे काय झाले?

निवड झाली म्हणजे संपादक आला, आणि संपादक आला की समीक्षेला काम मिळते. माझे म्हणणे थोडक्यात असे : व्यवसायांचा असा नकाशा संपूर्ण यादीचे चित्र असल्याचा भास निर्माण करतो; वस्तुतः तो एक निवडक संग्रह असतो. निवडक संग्रह असण्यात काहीच गैर नाही. पण निवडक कवितांच्या पुस्तकावर संपादकाचे नाव असते, प्रस्तावनेत निकष सांगितलेले असतात. या संग्रहाला ना प्रस्तावना आहे, ना वगळलेल्या मजकुराची नोंद. आणि आता या नकाशांवरून कर्ज, भाडे, परवाना, पुनर्वसन असे निर्णय होऊ लागल्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही.

सूची असलेले नकाशे

व्यवसायांचे नकाशे संगणकाआधीही होते. चार्ल्स गोड या नकाशाकाराने १८८६पासून लंडनचे विस्तृत नकाशे काढायला सुरुवात केली. ते आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी होते. चाळीस फुटांना एक इंच या प्रमाणात प्रत्येक इमारत त्यावर दाखवलेली असे : विटांची असेल तर गुलाबी, लाकडी असेल तर पिवळी. इमारतीला मजले किती, आत कसला धंदा चालतो, हेही लिहिलेले असे. दुकान बदलले, इमारत पडली, की दुरुस्तीचा कागदी तुकडा मूळ नकाशावर चिकटवला जाई. हा नकाशा कोणासाठी आहे आणि काय शोधतो आहे, हे पाहताक्षणी कळे. त्याला आग कुठे लागेल आणि कशी पसरेल एवढेच जाणून घ्यायचे होते. म्हणून त्यात मजले होते. आग वर चढते.

त्याच लंडनमध्ये १८८९ साली चार्ल्स बूथ यांचा दारिद्र्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. बूथ स्वतः जहाज कंपनीचे मालक. शाळांच्या मंडळाचे निरीक्षक घरोघर हिंडून ज्या नोंदी ठेवत, त्यांच्या आधारे त्यांनी रस्त्यांना रंग दिले. श्रीमंत वस्ती पिवळी, आणि तिथून उतरत उतरत सगळ्यांत तळाशी काळा. काळ्या रंगाच्या वस्तीचे वर्णन सूचीत केले आहे ते केवळ आर्थिक नाही. तिथल्या माणसांच्या चारित्र्यावर त्यात सरळ शेरा आहे. आज तो वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. पण तो शेरा छापील आहे, नकाशाच्या कोपऱ्यात आहे, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही आपण बूथ यांच्याशी वाद घालू शकतो. त्यांचा पूर्वग्रह त्यांच्या सहीनिशी उपलब्ध आहे.

आजच्या नकाशातून नाहीशी झालेली गोष्ट हीच आहे : सूची. रस्ता म्हणजे पांढरी रेघ, पाणी म्हणजे निळे, हे सांगण्याची गरज उरलेली नाही हे खरे. पण अमुक दुकान दिसते आणि शेजारचे दिसत नाही, ते का, याची सूची कुठेच नसते. पूर्वग्रह गेलेला नाही, त्याची सही तेवढी गेली आहे.

ठिपके फार झाले म्हणजे

ही सही कशी पुसली गेली हे समजायला या नकाशाची बांधणी थोडी पाहावी लागते. २००५च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स सुरू झाले. त्याची युक्ती अशी, की सगळा नकाशा एकदम न पाठवता लहान चौकोनी तुकड्यांत पाठवायचा. सर्वांत दुरून पाहिले तर सगळे जग एका तुकड्यात बसते. एक पायरी जवळ गेले की चार तुकडे, आणखी एक पायरी गेले की सोळा. दहाव्या पायरीला १०,४८,५७६ तुकडे होतात आणि अठराव्या पायरीला ६,८७१ कोटींहून अधिक. आपल्या पडद्याला त्यांतले पाचपंचवीसच लागतात, तेवढेच येतात. त्याच वर्षी पॉल रेडमाकर या संगणक अभियंत्याने क्रेगलिस्टवरच्या घरभाड्याच्या जाहिराती या नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या. दुसऱ्याच्या नकाशावर आपली यादी ठेवण्याचा रिवाज तिथून रुळला, आणि जूनमध्ये गूगलने त्यासाठीचे दार अधिकृतपणे उघडले.

शंभर जाहिरातींपुरते हे सोपे होते. यादी लाखाची झाली की दोन अडचणी येतात. संगणक मंदावतो, ही पहिली; तिच्यावर उपाय निघाले आहेत. दुसरी अडचण वाचकाची : ठिपक्यावर ठिपका बसतो आणि शहराच्या जागी रंगाचा एक डाग दिसतो. या अडचणीवर जे उपाय प्रचलित आहेत त्यांना तांत्रिक समजले जाते. माझ्या मते ते अर्थनिर्णयाचे उपाय आहेत.

पहिला उपाय गुच्छ करण्याचा. जवळजवळचे ठिपके एकत्र करून एक वर्तुळ काढायचे आणि त्यात आकडा लिहायचा. वाचकाला वाटते, या जागी १,२४० दुकाने आहेत. पण वर्तुळाची जागा ही बहुधा सरासरीने काढलेली असते. तिथे प्रत्यक्षात काहीही असेलच असे नाही. मुंबई बेटावरची काही दुकाने आणि समोरच्या उरणची काही एका गुच्छात आली, तर वर्तुळ बंदराच्या पाण्यात तरंगू शकते. शिवाय पेढी आणि पानपट्टी या दोन्हींचे वजन त्या आकड्यात सारखेच असते.

दुसरा उपाय दाटी रंगाने दाखवण्याचा. जिथे ठिपके जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. असे नकाशे देखणे दिसतात आणि अहवालांत हमखास असतात. पण महाराष्ट्रातल्या औषधांच्या दुकानांचा असा नकाशा काढा, शिवणयंत्रांच्या दुकानांचा काढा, की शिकवणीवर्गांचा काढा, मुंबई-पुणे-नाशिक-नागपूर लालच दिसणार. लोक जिथे राहतात तिथे दुकाने असतात, एवढेच त्यांतून कळते. लोकसंख्येने भागल्याशिवाय हा रंग धंद्याबद्दल काही सांगत नाही.

तिसरा उपाय सर्वांत प्रभावी आणि सर्वांत गुपचूप चालणारा : काही ठिपके दाखवायचेच नाहीत. नावांची अक्षरे एकमेकांवर आली की एका नावाने माघार घ्यायची. माघार कोणी घ्यायची हे ठरवायला प्रत्येक नावाला महत्त्वाचा क्रमांक लागतो, आणि तो कशावरून द्यायचा हे नकाशा प्रसिद्ध करणारा ठरवतो. २०१६ साली गूगलने शहरांतले काही भाग फिकट नारिंगी रंगात दाखवायला सुरुवात केली. उपाहारगृहे, बार आणि दुकाने जिथे दाटीने आहेत असे ते भाग. निकष सांगितला हे चांगले झाले. पण या निकषाने गोदामांची, छापखान्यांची, सुतारांची गल्ली कधीच नारिंगी होणार नाही, तिथे दिवसाला कितीही उलाढाल होवो. नकाशाचा कल्पित वाचक गिऱ्हाईक आहे, तोही फिरायला निघालेला. कामगार नाही, माल उतरवणारा नाही. त्याच वर्षी पैसे भरून ठिपका ठळक करण्याची सोयही जाहीर झाली. संपादक आणि जाहिरात विभाग एकाच टेबलावर बसले की काय होते, हे मासिकांच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

पत्ता आणि जागा

आतापर्यंत दाखवण्याबद्दल बोललो. त्याआधीचा प्रश्न असा, की ठिपका जिथे पडतो ती जागा कुठून येते? यादीत पत्ता असतो. संगणक त्याचे अक्षांश-रेखांश करतो. या रूपांतरात पत्ता म्हणजे जागा असे गृहीत धरलेले असते. ते अनेकदा खोटे असते.

अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट ही साधी, बैठी म्हणावी अशी इमारत आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ साली दिलेल्या वृत्तानुसार तिच्या पत्त्यावर २,८५,००० व्यवसायांची नोंद होती. केमन बेटांवरच्या अग्लंड हाउस या इमारतीत १८,८५७ संस्था नोंदलेल्या असल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००८ साली नमूद केले. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाची डिजिटल माहिती २०१५पासून सर्वांना विनामूल्य मिळते. ती जशीच्या तशी नकाशावर टाकली, तर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधली काही दारे देशातली औद्योगिक केंद्रे वाटू लागतात. तिथे असते ती कंपन्यांना पत्ता पुरवण्याची सेवा. ठिपका खोटा नसतो, नोंद खरीच असते. पण ती वहिवाटीची नोंद नसते. आपल्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि कसणाऱ्याचे नाव यांत जो फरक असू शकतो, तोच इथे आहे, आणि ठिपक्याला तो फरक दाखवता येत नाही.

आपल्याकडे अडचण उलट दिशेने येते. आपले पत्ते माणसांसाठी लिहिलेले असतात : मारुतीच्या देवळामागे, जुन्या एसटी स्टँडसमोर. पत्त्याला शिस्त लावणारा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, ही मराठी वाचकाला आनंदाची गोष्ट. त्यांच्या सहा आकड्यांचे काम पत्र योग्य पोस्टापर्यंत आणण्याचे होते. तिथून पुढे देऊळ कुठले आणि स्टँड जुना की नवा, हे पोस्टमन जाणत असे. संगणकाकडे तो पोस्टमन नाही. पत्त्यातली गल्ली ओळखता आली नाही, की तो अनेकदा त्या पिनकोडच्या क्षेत्राचा मध्यबिंदू काढतो आणि ठिपका तिथे ठेवतो. असे शेकडो पत्ते एकाच बिंदूवर येऊन पडतात, आणि नकाशा पाहणाऱ्याला एखाद्या मैदानात किंवा तलावाच्या काठी व्यवसायांची झुंबड उडालेली दिसते.

हा विनोद नाही हे अमेरिकेतल्या एका प्रसंगाने दाखवले. इंटरनेटवरच्या संगणकांचे ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीच्या यादीत, ज्यांचा देश कळतो पण गाव कळत नाही अशा संगणकांना देशाच्या मध्याजवळचा एक सोयीचा बिंदू दिलेला होता. तो बिंदू कॅन्ससमधल्या एका शेतावर पडत होता. २०१६ साली हे उघडकीस आले तेव्हा ६० कोटींहून अधिक इंटरनेट पत्ते त्या एका शेताला चिकटलेले होते. देशभरातल्या फसवणुकीचा, चोरीचा माग काढत पोलीस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षे तिथल्या रहिवाशांच्या दारी येत राहिले. ‘माहीत नाही’ हे उत्तर नकाशावर लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून त्याच्या जागी एक ठिपका दिला गेला. ठिपका नेहमी ठामच दिसतो.

आता भारतीय टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला आहे. त्यात देशाची जमीन साधारण चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत वाटली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण आहे. मैदानातल्या झुंबडीवर हा चांगला उपाय ठरू शकतो. मात्र जमिनीवरच्या चौकोनाला दुसरा मजला आणि चौथा मजला यांतला फरक कळणार नाही. आग वर चढते हे गोड यांच्या नकाशाला कळत होते. धंदाही वर चढतो, हे आपल्या नकाशाला अजून कळायचे आहे.

ठिपक्यात न मावणारे

सहावी आर्थिक गणना २०१३-१४मध्ये झाली. पीक-शेती, सरकारी प्रशासन, संरक्षण अशी काही कामे सोडून देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापने मोजली गेली आणि त्यांत १३ कोटींहून अधिक माणसे काम करताना आढळली. यांतली सुमारे ७२ टक्के आस्थापने पगारी माणूस न ठेवता घरच्यांच्या बळावर चालणारी होती. गणनेने आस्थापनांचे तीन गट केले : घरात चालणारी, घराबाहेर कायम बांधकामात चालणारी, आणि घराबाहेर पण कायम बांधकामाशिवाय चालणारी. वाचकांनी हे वर्गीकरण ध्यानात ठेवावे. इंटरनेटवरचे व्यवसायांचे नकाशे मुख्यतः मधल्या गटासाठी बनलेले आहेत.

लिज्जत पापडाचे उदाहरण घेऊ. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी सुरू केलेल्या या उद्योगात आज सुमारे ४५,००० स्त्रिया सहभागी असल्याचे सांगितले जाते. त्या शाखेतून पीठ घरी नेतात, पापड लाटतात आणि परत आणून देतात. नकाशावर शाखेचा ठिपका असेल. पापड जिथे लाटले जातात ती हजारो स्वयंपाकघरे नसतील. आणि ती नसावीत असेही म्हणता येईल, कारण घर हाच कामाचा पत्ता असलेल्या स्त्रीने आपल्या दाराचा ठिपका जगाला का द्यावा? म्हणजे दिसणे हाही निर्विवाद लाभ नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचा व्यवसाय तर पूर्णपणे वाटेवर चालतो. डब्यावरच्या खुणांत अख्ख्या शहराचा नकाशा आहे, पण शहराच्या नकाशावर त्यांच्यासाठी बिंदू शोधू गेले तर हाती लागेल एखादे स्टेशन किंवा एखादे कार्यालय. आठवडी बाजाराचेही तसेच. त्याचा ठिपका असला तरी सात दिवसांतले सहा दिवस तिथे मोकळी जागा असते.

दुसरीकडे, जे नाहीत त्यांचे ठिपके आहेत. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१९ साली केलेल्या शोधात, गूगल मॅप्सवर कोणत्याही एका दिवशी सुमारे १ कोटी १० लाख खोट्या नोंदी असाव्यात असा अंदाज मांडला होता. अडचणीच्या वेळी घाईने ज्यांना बोलवावे लागते अशा कुलूपवाल्या, नळदुरुस्तीवाल्यांच्या नावाने त्यांतल्या पुष्कळ असत. आदल्या वर्षात आपण ३० लाखांहून अधिक खोट्या नोंदी काढून टाकल्या, असे गूगलनेही तेव्हा सांगितले. एकीकडे पत्ता आहे आणि धंदा नाही, दुसरीकडे धंदा आहे आणि पत्ता नाही. नकाशा पहिल्याला जागा देतो, दुसऱ्याला देत नाही.

एक बाजू इथे मांडलीच पाहिजे. आडगल्लीतल्या शिंप्याला, पहिल्या मजल्यावरच्या नव्या खाणावळीला या नकाशाने फुकट पाटी दिली आहे. पूर्वी हमरस्त्यावर गाळा घेणे परवडले तरच गिऱ्हाईक येई. आता गिऱ्हाईक ठिपक्यामागे जिने चढून येते. ही लहान गोष्ट नाही. म्हणून या नकाशांकडे केवळ संशयाने पाहणे हाही आळसच ठरेल. पण जितका हा ठिपका उपजीविकेचे साधन होतो, तितका तो नसण्याचा दंडही वाढतो.

तो दंड सरकारी कामात सर्वांत जड असतो. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४च्या कायद्याने दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचे ठरवले आहे. हे पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नये, असेही त्यात आहे. सर्वेक्षण म्हणजे यादी, आणि यादी हल्ली नकाशावर जाते. ज्या सकाळी मोजणी झाली त्या सकाळी गाडी लावली नव्हती, एवढ्या कारणाने माणूस यादीबाहेर राहू शकतो. धारावीत कुंभारवाड्याच्या भट्ट्या आहेत, कातडीकाम आहे, भंगार वेगळे करण्याची गोदामे आहेत, शिलाईचे कारखाने आहेत. खाली काम आणि वर बिऱ्हाड, किंवा वर काम आणि खाली बिऱ्हाड, अशी तिथली रचना. पुनर्विकासाच्या नियमांत तळमजला आणि वरचे मजले यांची पात्रता वेगवेगळी ठरते. अशा ठिकाणी एका छपराला एक ठिपका देणारा नकाशा केवळ ढोबळ राहत नाही, तो निकाल देतो.

एकच प्रश्न विचारणारा नकाशा

मग मोठी यादी नकाशावर मांडण्याची चांगली रीत कोणती? माझ्या पाहण्यातले एक उत्तम उदाहरण ब्रिटनमधले आहे. प्रायव्हेट आय या उपरोधासाठी आणि शोधपत्रकारितेसाठी प्रसिद्ध असलेल्या पाक्षिकाने २०१५ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या, परदेशी करसवलतीच्या ठिकाणी नोंदलेल्या कंपन्यांच्या मालकीच्या मालमत्तांचा नकाशा इंटरनेटवर प्रसिद्ध केला. जमीन नोंदणी कार्यालयाकडून माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या, लाखाहून अधिक नोंदी त्यात होत्या.

या नकाशात पाहण्यासारख्या गोष्टी तीन. एक, तो सगळे काही दाखवण्याचा आव आणत नाही. या रस्त्यावरचे काय काय परदेशी कंपनीच्या नावावर आहे, या एकाच प्रश्नाला तो उत्तर देतो. दोन, माहिती कोणाकडून आली आणि कोणत्या काळातली, हे सांगितलेले असल्यामुळे वाचक तिची मर्यादा ओळखू शकतो. कंपनीमागची माणसे कोण, हे त्या नोंदींत नव्हतेच, आणि ती उणीव लपवलेली नाही. उलट तीच बातमी ठरली. तीन, ठिपक्याखाली नोंद आहे : मालमत्ता, कंपनी, तिचा देश. वाचक आपल्या गल्लीत जाऊन पडताळा घेऊ शकतो. पुढे २०१७मध्ये नोंदणी कार्यालयाने परदेशी कंपन्यांच्या मालकीची माहिती विनामूल्य खुली केली, आणि २०२२मध्ये अशा कंपन्यांमागच्या खऱ्या लाभधारकांची नोंदवही कायद्याने सुरू झाली. हे एका नकाशामुळे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मालमत्तेची चर्चा आकड्यांवरून आपल्या गल्लीतल्या घरावर आली, यात त्या नकाशाचा वाटा होता.

निराळ्या रीतीचे दुसरे उदाहरण २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचे. तिथे नकाशा स्वयंसेवक काढतात आणि प्रत्येक ठिपक्याला इतिहास असतो : ही नोंद केव्हा घातली, कोणत्या नावाच्या सभासदाने घातली, नंतर कोणी काय बदलले. त्यात त्रुटी भरपूर आहेत, आपल्या लहान शहरांत तर रिकाम्या जागा जास्त. पण जे आहे ते कसे आले, हे शोधता येते.

नागमोडी रेघ

इथे आपल्या घरातल्या एका मोठ्या कामाची आठवण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. एवढा अफाट मजकूर समोर असताना संपादकांनी निवड केलीच. न करून चालणार नव्हते. पण त्यांनी पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला पाठ दिला आणि खाली पाठभेद दिले. वगळलेले मोठे भाग परिशिष्टांत ठेवले, फेकले नाहीत. आणि ज्या पाठाबद्दल पुरेशी खात्री नव्हती त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी आज कोणाला मतभेद असला, तर तो मांडायला लागणारी सगळी सामग्री त्यांच्याच आवृत्तीत सापडते.

व्यवसायांच्या नकाशाला याहून जास्त काही नको. तंत्राच्या दृष्टीने ते अवघडही नाही. पत्त्याचे अक्षांश-रेखांश करून देणाऱ्या सेवा उत्तराबरोबर खात्रीचा शेराही देतात : ही जागा थेट इमारतीची आहे, की रस्त्यावरच्या दोन क्रमांकांमधल्या अंतरावरून काढलेली आहे, की एखाद्या क्षेत्राचा मध्य आहे, की नुसती अंदाजाने दिलेली. म्हणजे नागमोडी रेघ तयार मिळते. नकाशा प्रसिद्ध करताना आपण ती टाकून देतो आणि सगळे ठिपके एकाच रंगात, सारख्याच ठामपणाने रंगवतो. अंदाजाने दिलेल्या जागा फिक्या ठिपक्यांनी दाखवाव्यात. जागा न सापडलेल्यांची यादी नकाशाच्या कडेला द्यावी आणि तिची संख्या सांगावी. नोंदलेला पत्ता आणि कामाची जागा यांना वेगळ्या खुणा द्याव्यात. एका बिंदूवर अनेक व्यवसाय असतील तर मजला लिहावा. दुरून पाहताना कोणती नावे गाळली आणि कोणत्या निकषाने, हे एका ओळीत कोपऱ्यात लिहावे. आणि मूळ यादी, खाजगी माणसाच्या घराचा पत्ता उघड होणार नाही एवढी काळजी घेऊन, नकाशाबरोबरच उपलब्ध ठेवावी.

नकाशे आणि त्यांसाठीची माहिती गोळा करण्यावरची बंधने फेब्रुवारी २०२१पासून आपल्या देशात बरीच सैल झाली आहेत. महापालिका, बँका, बांधकाम कंपन्या, संशोधन संस्था असे नकाशे आता सहज काढतील. ते देखणे असतील याबद्दल शंका नाही. वाचक म्हणून आपण त्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो सौंदर्याचा नाही : तुम्ही किती नोंदी घेतल्या, त्यांतल्या किती दाखवल्या, आणि उरलेल्या कुठे ठेवल्या आहेत? पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाचा नकाशा प्रभाग कार्यालयात भिंतीवर लागेल, तेव्हा त्याच्या शेजारी यादीही लागली पाहिजे, हरकत घेण्याची तारीखही लिहिलेली पाहिजे. त्या सकाळी ज्याची गाडी लागलेली नव्हती, त्याला स्वतःचे नाव तिथे नाही हे निदान वेळेत कळेल.